ऑस्प्रेच्या घरट्यातील ऑगस्ट : मादी आधी का जाते आणि पिल्ले एकटी कशी निघतात

स्कॉटलंडमधील एका घरट्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून ऑस्प्रेच्या, म्हणजे मासे पकडून जगणाऱ्या आणि हिवाळ्यासाठी आफ्रिकेत जाणाऱ्या मोठ्या शिकारी पक्ष्याच्या, एका कुटुंबाचा पूर्ण हंगाम आपण पाहिला, आणि ऑगस्टच्या मध्यावर मादी एकाएकी दिसेनाशी झाली तेव्हा आपण चिंतेत पडलात. दोन पिल्ले दिवसभर ओरडत आहेत, नर एकटाच मासे आणतो आहे आणि दोघांपैकी एकालाही अजून स्वतः मासा पकडता आलेला नाही. अशा वेळी आई पिल्लांना सोडून का गेली, नरही असाच निघून गेला तर त्यांचे काय होईल, आफ्रिकेची वाट त्यांना कोण दाखवणार, आणि कोणी तरी मध्ये पडून त्यांना मासे घालावेत का, असे आपण विचारले आहे. ऑस्प्रेच्या घरट्यांची पाहणी आणि पिल्लांच्या पायात ओळखीची कडी घालण्याचे काम मी अनेक हंगाम केले आहे, आणि दर ऑगस्टमध्ये हेच प्रश्न मला विचारले जातात. आपण जे पाहत आहात ते मोडलेले कुटुंब नव्हे. मादीने पिल्ले टाकलेली नाहीत, तिचे काम पूर्ण झाले म्हणून ती निघाली आहे. नर इतक्यात जाणार नाही. पिल्लांना वाट कोणी दाखवणार नाही आणि दाखवण्याची गरजही नाही.

आधी हंगामाचा हिशेब पाहू, कारण मादीच्या जाण्याचे कारण त्यातच आहे. ब्रिटनमध्ये ऑस्प्रे मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये परततात. एप्रिलच्या उत्तरार्धात मादी बहुधा तीन अंडी घालते, ती साधारण 37 ते 40 दिवस उबवली जातात आणि मेअखेर किंवा जूनच्या आरंभी पिल्ले बाहेर येतात. त्यानंतर सात ते आठ आठवड्यांनी, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धात, पिल्ले घरट्यातून पहिली झेप घेतात. या साऱ्या काळात मादी घरट्यापासून फारशी दूर जात नाही. अंडी उबवण्याचा बहुतांश भार तिच्यावर असतो. पिल्ले लहान असताना पावसात आणि उन्हात ती पंख पसरून त्यांच्यावर बसते. नराने आणलेल्या माशाचे लहान लहान तुकडे करून ती प्रत्येकाच्या चोचीत देते. आणि परका ऑस्प्रे, गरुड किंवा कावळा जवळ आला तर सर्वांत आधी तीच उठते. म्हणजे अंडी घातल्यापासून पुढचे सुमारे तीन महिने तिने स्वतः जवळजवळ शिकार केलेली नसते. तिचे पोट नराच्या फेऱ्यांवर अवलंबून असते, आणि तो मासा कमी आणू लागला तर पिल्लांना भरवून उरेल तेवढ्यावरच तिला भागवावे लागते.

पिल्ले उडू लागली की ही तिन्ही कामे संपतात. ऊब देण्याची गरज राहिलेली नसते, पिल्ले स्वतः मासा फाडून खातात आणि संकट आले तर उडून जाऊ शकतात. उरते ते एकच काम, मासा आणण्याचे, आणि ते पहिल्या दिवसापासून नराचे आहे. अशा वेळी मादी घरट्याशी थांबली तर पिल्लांच्या वाट्याच्या अन्नात आणखी एक मोठे तोंड वाढते, कारण ऑस्प्रेची मादी नराहून आकाराने मोठी असते. ती निघून गेली की नराच्या प्रत्येक माशावर फक्त पिल्लांचा हक्क राहतो. म्हणून मादीचे आधी जाणे हा मला पिल्लांच्या हिताचाच व्यवहार वाटतो, आणि तिच्या स्वतःच्या हिताचा तर तो आहेच, कारण उतरलेले शरीर भरून काढायला तिला दिवस हवे असतात. उपग्रह टॅग (पक्ष्याचा ठावठिकाणा कळवणारे छोटे यंत्र) लावलेल्या स्वीडनमधील आणि अमेरिकेतील ऑस्प्रेंमध्येही हाच क्रम आढळला आहे. माद्या नरांच्या आधी निघतात. ही आपल्या घरट्यातील मादीची तऱ्हा नसून या जातीची रीत आहे.

तिची तयारी आपल्याला कॅमेऱ्यात दिसली असेल, मात्र ती तयारी म्हणून ओळखू आली नसेल. जुलैच्या अखेरीपासून मादी घरट्यावरून अधिक वेळ नाहीशी होऊ लागते. परत येते तेव्हा तिच्या गळ्याखालचा भाग फुगलेला असतो. गिळलेला मासा तेथील पिशवीत साठलेला असतो आणि ती बाहेर स्वतः शिकार करून आली आहे याची ती खूण असते. कधी ती मासा घेऊन येते आणि पिल्लांना न देता जवळच्या वाळलेल्या फांदीवर बसून एकटीच खाते. हे पाहून काही जणांना वाईट वाटते, पण हजारो किलोमीटरच्या प्रवासाला निघालेल्या पक्ष्याने तसेच करायला हवे. ती वारंवार स्नान करते, शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल चोचीने पिसांवर सारवते आणि तासन् तास पिसे साफ करत बसते. मग एके दिवशी सकाळी उन्हे वर आल्यावर ती घरट्यावर घिरट्या घेत उंच जाते आणि खाली येत नाही. निरोपाचा कोणताही विधी नसतो.

ती गेल्यानंतरही घरट्यावर एखादी प्रौढ मादी दिसली, तर आई परतली असे मानण्याची घाई करू नये. जुलै आणि ऑगस्टमध्ये दोन-तीन वर्षांचे तरुण पक्षी पुढच्या वर्षांसाठी जागा हेरत फिरत असतात, आणि ज्यांची घरटी त्या वर्षी अपयशी ठरली असे प्रौढही येऊन जातात. अशा वेळी पाय पाहावा. ब्रिटनमध्ये कडी घातलेल्या ऑस्प्रेच्या एका पायात पांढऱ्या अक्षरांचे निळे कडे असते. स्कॉटलंडमधील पक्ष्यांच्या डाव्या पायात आणि इंग्लंड व वेल्समधील पक्ष्यांच्या उजव्या पायात. कडे नसेल तर डोक्यावरील तपकिरी खुणांची ठेवण आणि छातीवरील पट्टा यांवरून ओळख पटवावी लागते.

प्रौढ पक्ष्यांच्या तयारीतील एक भाग कॅमेऱ्यात सहज दिसत नाही, तो पिसांचा. ऑस्प्रेच्या पंखातील लांब पिसे एकाच वेळी गळत नाहीत. ती ओळीने, आतून बाहेर, एकेक करून बदलतात, म्हणून पक्षी कधीही उडण्यास असमर्थ होत नाही. उन्हाळ्यात हे काम सुरू होते आणि स्थलांतराच्या आधी मध्येच थांबते. पंखात अर्धवट वाढलेली पिसे घेऊन लांबचा पल्ला गाठणे महाग पडते, म्हणून शरीर ते काम स्थगित ठेवते आणि हिवाळी मुक्कामावर पोहोचल्यावर जेथे थांबले होते तेथून पुढे चालू करते.

आता नराविषयी. ऑस्प्रेच्या हंगामात सर्वांचे लक्ष अंड्यांकडे आणि पिल्लांच्या पहिल्या झेपेकडे असते, पण मला नराचा ऑगस्ट सर्वांत मोलाचा वाटतो. या महिन्यात पिल्ले आकाराने जवळजवळ बापाएवढी झालेली असतात, त्यांची भूक मोठी असते आणि नर एकटा असतो. तो तलावावर किंवा खाडीवर जातो, दहा ते तीस मीटर उंचीवर थांबून पाण्याचा अंदाज घेतो आणि पाय पुढे करून स्वतःला पाण्यात झोकून देतो. ट्राउट, पाईक, फ्लाउंडर, जे मिळेल ते तो उचलतो. पंजाचे बाहेरचे बोट मागे वळू शकते, त्यामुळे दोन बोटे पुढे आणि दोन मागे अशी पकड बसते, आणि तळव्यावरील बारीक काट्यांमुळे निसरडा मासा सुटत नाही. मासा नेहमी तोंड पुढे करून नेला जातो, म्हणजे हवेचा विरोध कमी होतो. अनेकदा नर वाटेत एखाद्या झाडावर बसून माशाचे डोके खातो आणि उरलेला मासा घरट्यावर आणतो. त्याचे स्वतःचे पोट बहुधा एवढ्यावरच भागते.

घरट्यावरील देवघेव बारकाईने पाहण्यासारखी असते. नर दुरून दिसताच दोन्ही पिल्ले मान खाली घालून, पंख किंचित थरथरवत ओरडू लागतात. तो उतरतो न उतरतो तोच एक पिल्लू त्याच्या पंजातून मासा हिसकावते, इतक्या जोरात की कधी कधी नराचे बोट चिमटीत सापडते आणि तो पाय झटकून तत्काळ उडून जातो. मासा मिळवलेले पिल्लू लगेच दुसऱ्याकडे पाठ करते, दोन्ही पंख आणि शेपूट पसरून माशावर तंबूसारखे आच्छादन करते आणि मान आत घालून खाऊ लागते. दुसरे पिल्लू भोवती फिरत ओरडत राहते आणि पुढच्या फेरीची वाट पाहते. जूनमध्ये याच घरट्यात मादी प्रत्येकाला तुकडे भरवत होती. आता मासा हिसकावणे, तो दाबून धरणे, फाडणे आणि दुसऱ्यापासून राखणे ही चार कौशल्ये पिल्ले रोज घोटत आहेत. आफ्रिकेतील खाडीच्या काठावर घार किंवा दुसरा ऑस्प्रे मासा पळवायला येईल तेव्हा हेच उपयोगी पडेल.

ओरडण्याविषयी आपल्याला विशेष काळजी वाटते, म्हणून स्पष्ट सांगतो. सततचे ओरडणे हे उपासमारीचे लक्षण नाही. मादी गेल्यावर आणि नर घरट्यापासून दूर बसू लागल्यावर पिल्ले अधिक ओरडतात, कारण मागणी दुरून ऐकू जावी लागते. पोट भरलेले पिल्लूही बाप दिसला की ओरडते. उपासमार पाहायची असेल तर आवाज ऐकू नये, गळ्याखालचा भाग पाहावा. दिवसातून एकदा तरी तो फुगलेला दिसत असेल, पिल्लू नियमित उडत असेल आणि फांदीवर स्थिर बसत असेल, तर त्याचे ठीक चालले आहे. पिल्लांनी निघावे म्हणून आईबाप मुद्दाम अन्न तोडतात, असा एक समज आढळतो. मी पाहिलेल्या घरट्यांवर चित्र उलट आहे. नर मासा घेऊन येतो, घरट्यावर बसून राहतो आणि घ्यायला कोणी येत नाही. पिल्लू आदल्या दिवशीच निघून गेलेले असते.

पिल्लांच्या तयारीत सर्वांत आधी येतात ती पिसे. पहिल्या झेपेच्या दिवशी पिल्लाची लांब पिसे पूर्ण वाढलेली नसतात. त्यांच्या मुळाशी अजून रक्त खेळत असलेले कोष असतात आणि पुढील काही आठवड्यांत ती पूर्ण लांबीला येऊन कठीण होतात. कडी घालण्यासाठी पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू हाती येते तेव्हा मी त्याचा पंख हळूच उलगडून उजेडासमोर धरतो. पिल्लाची सारी उड्डाणपिसे एकाच वेळी वाढत असतात, त्यामुळे ज्या दिवशी वादळी पावसामुळे नराला मासा मिळाला नाही त्या दिवसाची एक फिकट, अगदी बारीक आडवी रेघ सर्व पिसांवर एकाच ओळीत उमटलेली दिसते. तेथे पिसाची वीण विरळ असते आणि पुढे तेथूनच पीस मोडण्याची भीती असते. प्रौढ पक्ष्याचे एखादे पीस कमकुवत निघाले तरी शेजारचे वेगळ्या वेळी वाढलेले असते. पिल्लाला ती सोय नाही. हाच एक संच त्याला समुद्र आणि वाळवंट ओलांडून न्यायचा आहे. म्हणून जून-जुलैमधील माशांची नियमितता ही स्थलांतराची तयारीच असते, तेव्हा ती तशी वाटत नाही इतकेच. पाठीवरच्या पिसांना बदामी रंगाच्या कडा आणि नारिंगी डोळे यांवरून त्या वर्षीचे पिल्लू दुरूनही ओळखता येते. प्रौढाची पाठ एकसारखी तपकिरी आणि डोळे पिवळे असतात.

दुसरी तयारी स्नायूंची. पहिल्या आठवड्यात पिल्लू घरट्याभोवती एक फेरी मारून धापा टाकत परत येते, उतरताना तोल जातो, वाऱ्याच्या दिवशी घरटे चुकते. तीन-चार आठवड्यांनी तेच पिल्लू उष्ण हवेच्या वर चढणाऱ्या झोतात पंख न हलवता उंच जाऊ लागते. पाण्यावरून उडताना ते पाय बुडवते, पाण्यातील काडी किंवा झाडाच्या सालीचा तुकडा उचलून नेते, उथळ पाण्यात धपकन पडते आणि भिजून वर येते. कोणी शिकवत नसले तरी हा सराव मासेमारीकडेच नेतो. काही पिल्ले निघण्याआधी एखादा मासा पकडतात. अनेकांचा पहिला मासा प्रवासात कुठे तरी पकडला जातो. आपल्या घरट्यातील पिल्लांना अजून मासा पकडता आलेला नाही, हे त्यांच्या मागे पडल्याचे लक्षण नाही.

आईबापांच्या शिकवणीविना हे जमते कशावरून? याचा भक्कम पुरावा ब्रिटनमध्येच आहे. ऑस्प्रेची वीण ब्रिटनमधून विसाव्या शतकाच्या आरंभी नाहीशी झाली; 1954 मध्ये स्कॉटलंडमधील लॉक गार्टन येथे ती पुन्हा सुरू झाली, पण इंग्लंडचा बराचसा भाग रिकामाच राहिला. म्हणून 1996 पासून स्कॉटलंडमधील घरट्यांतून पाच-सहा आठवड्यांची पिल्ले उचलून इंग्लंडमधील रटलंड वॉटर या जलाशयाकाठी आणण्यात आली. तेथे त्यांना मोठ्या पिंजऱ्यात ठेवले, माणसाचा चेहरा दिसणार नाही अशा रीतीने मासे घातले आणि पिसे तयार झाल्यावर पिंजरे उघडले. या पिल्लांनी कोणत्याही प्रौढ ऑस्प्रेला मासा पकडताना पाहिलेले नव्हते आणि त्यांच्यापुढे उडणारा कोणी नव्हता. तरीही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती दक्षिणेकडे निघाली, आफ्रिकेत पोहोचली, आणि जी जगली त्यांतील काही रटलंडलाच परत आली. 2001 मध्ये तेथे पहिली यशस्वी वीण झाली. हीच पद्धत 2017 पासून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल हार्बर येथे वापरली गेली आणि 2022 मध्ये तेथेही अंड्यांतून पिल्ले बाहेर आली.

या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट सिद्ध झाली, आणि ऑगस्टमधील उड्डाणांचा अर्थ लावताना ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही पिल्ले जन्मली स्कॉटलंडमध्ये, पण परतली इंग्लंडमध्ये. म्हणजे घर कोणते हे अंड्यातून ठरलेले नसते. ज्या परिसरातून पिल्लू प्रथम उडते आणि जेथे पुढचे काही आठवडे फिरते तो परिसर त्याच्या मनात घर म्हणून कोरला जातो. आपल्याला कॅमेऱ्यात पिल्लू तासन् तास दिसत नाही तेव्हा ते बहुधा हेच करत असते. ते उंच चढते, नदीचा बाक पाहते, डोंगराची ओळ पाहते, दोन तलावांच्या मधील जागा पाहते आणि संध्याकाळी माशासाठी घरट्यावर येते. स्थलांतराची दिशा त्याला उपजत मिळते, परतण्याचे ठिकाण मात्र त्याला याच चार-पाच आठवड्यांत मिळवावे लागते. ऑगस्टमध्ये घरट्याच्या परिसरात शांतता राखावी असा आग्रह आम्ही धरतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

निघण्याचा संकेत थंडीतून येत नाही. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या तलावांत मासे भरपूर असतात आणि पाणी गोठायला बराच अवकाश असतो. पक्ष्याच्या शरीराला चाहूल लागते ती दिनमान घटण्याची. त्याने अंतर्गत घड्याळ पुढे सरकते, भूक आणि अस्वस्थता वाढते, पक्षी एका जागी ठरत नाही. लवकर निघण्यात शहाणपणही आहे. शरदातील वादळी वाऱ्यांनी पाण्याचा पृष्ठभाग खवळला की वरून मासा दिसत नाही, आणि दिवस लहान झाले की वर चढणारी उष्ण हवा कमी मिळते. नेमका दिवस हवामान ठरवते. सलग दोन-तीन दिवस पाऊस आणि ढग असतील तर कोणी हलत नाही. मग आकाश निवळते, उत्तरेकडून किंवा वायव्येकडून वारा सुटतो, आणि सकाळी जमीन तापू लागल्यावर पक्षी निघतो. एकाच सकाळी आसपासच्या अनेक घरट्यांवरील पक्षी गेलेले आढळतात. ते एकत्र गेलेले नसतात, सर्वांनी एकच वारा साधलेला असतो.

दोन्ही भावंडे एकत्र जातील का, हा आपला प्रश्न. जाणार नाहीत. ऑस्प्रे थव्याने स्थलांतर करत नाही. बहुधा आधी उडालेले पिल्लू आधी निघते आणि दुसरे काही दिवसांनी. त्यांचे मार्ग वेगळे असतात आणि मुक्कामही वेगळे. जोडप्यातील नर आणि मादीसुद्धा हिवाळा एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर काढतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पिल्ले निघतात, आणि शेवटचे पिल्लू मासा घ्यायला येईनासे झाले की काही दिवसांत नर निघतो. तोवर तो घरट्यावर काड्या आणून ठेवतानाही दिसेल. ती नव्या विणीची तयारी नसते. जागेवरचा आपला हक्क तो शेवटपर्यंत सोडत नाही.

दिशेचे ज्ञान उपजत असते म्हणजे काय, हे समजण्यासाठी मैनेच्या कुळातील युरोपीय स्टार्लिंगवरील एक जुना प्रयोग उपयोगी आहे. डच पक्षितज्ज्ञ पेर्डेक यांनी स्थलांतरावर निघालेले हजारो स्टार्लिंग नेदरलँड्समध्ये पकडून स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले आणि 1958 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधी प्रवास केलेल्या प्रौढांनी दिशा बदलून आपले नेहमीचे हिवाळी ठिकाण गाठण्याचा प्रयत्न केला. तरुण पक्षी मात्र मूळ दिशेनेच उडत राहिले आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनकडे गेले. ऑस्प्रेच्या पिल्लांबाबत उपग्रह टॅगनी असेच चित्र दाखवले आहे. पिल्लाकडे दिशा असते, नकाशा नसतो. वारा आडवा आला तर प्रौढ पक्षी सरकलेले अंतर भरून काढतो. पिल्लू वाऱ्याबरोबर वाहवत जाते आणि ब्रिटनमधून निघालेली काही पिल्ले अशीच अटलांटिकवर भरकटून संपतात. प्रौढ पक्षी दरवर्षी त्याच खाडीवर, कधी कधी त्याच खुंटावर, येऊन बसतो, कारण तो आठवणीने प्रवास करतो.

आपल्या मादीचा प्रवास आता असा चालला असेल. ती दिवसा उडते आणि रात्री झाडावर विसावते. बझार्ड किंवा करकोचे यांना समुद्र टाळून अरुंद सामुद्रधुन्या शोधाव्या लागतात. ऑस्प्रे पंख मारत उघडा समुद्र ओलांडू शकतो, त्यामुळे बिस्केचा उपसागर काही पक्षी थेट पार करतात. चांगल्या दिवशी 200 ते 400 किलोमीटर अंतर कापले जाते. वाटेत नदी किंवा जलाशय लागला की ती मासा पकडून पुढे निघते. इतर अनेक पक्ष्यांप्रमाणे आधीच चरबीचा प्रचंड साठा करण्याची गरज ऑस्प्रेला म्हणूनच पडत नाही. काही माद्या फ्रान्स, स्पेन किंवा पोर्तुगालमध्ये काही दिवस ते काही आठवडे थांबतात, काही तर संपूर्ण हिवाळा तेथेच काढतात. खरी कसोटी सहारा वाळवंटाची असते, कारण तेथे मासा नाही. चार-पाच दिवस अंगातील साठ्यावर काढावे लागतात आणि रात्र वाळूवर किंवा खडकावर घालवावी लागते. त्यापलीकडे सेनेगल, गॅम्बिया आणि गिनीच्या किनाऱ्यांवरील खारफुटी आणि उथळ खाड्या हे ब्रिटनच्या ऑस्प्रेंचे प्रमुख हिवाळी घर आहे. अंतर सुमारे 5,000 किलोमीटर.

जगातील सर्व ऑस्प्रे असे जात नाहीत. भूमध्य समुद्रातील बेटांवरील आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील पक्षी बव्हंशी तेथेच राहतात. फ्लोरिडातील अनेकही हलत नाहीत. उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडील पक्षी कॅरिबियन बेटांवरून दक्षिण अमेरिकेत जातात, आणि तेथील काही पिल्ले पहिल्याच प्रवासात किनारा सोडून थेट समुद्रावरून अहोरात्र उडत बहामासकडे जातात. जेथे हिवाळ्यात पाणी गोठते किंवा मासे खोल जातात, तेथील ऑस्प्रेला निघावेच लागते.

पिल्लांना मासे घालावेत का, या प्रश्नाचे माझे उत्तर ठाम नकाराचे आहे, जोवर नर मासे आणतो आहे तोवर. घरट्याजवळ माणूस गेला तर पिल्ले घाबरून उडतात, नर मासा घेऊन दूर थांबतो आणि मदतीने नुकसानच होते. शिवाय ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार ऑस्प्रेला घरट्यावर त्रास देणे गुन्हा आहे आणि परवान्याशिवाय तेथे जाता येत नाही. हस्तक्षेपाची वेळ वेगळी असते. पिल्लू जमिनीवर पडून उठत नसेल, पायात मासेमारीची तंगूस गुंतली असेल, किंवा नर दोन-तीन दिवस दिसला नसेल आणि पिल्लांचे गळे रिकामे असतील, तर घरट्याची देखरेख करणाऱ्या संस्थेला तत्काळ कळवावे. मादी निघण्यापूर्वी नर नाहीसा झाला तर बहुधा तीच मासेमारी सुरू करते आणि आपला मुक्काम लांबवते; म्हणून एक पालक गेला की पिल्ले संपली असे गृहीत धरू नये.

एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. निघालेल्या पिल्लांपैकी निम्म्याहून अधिक परत येत नाहीत. समुद्र, वाळवंट, विजेच्या तारा, बंदुका आणि शिकारीतील अननुभव ही प्रमुख कारणे. जे वाचते ते पहिला उन्हाळा आफ्रिकेतच काढते आणि बहुधा दोन वर्षांचे झाल्यावर प्रथम उत्तरेकडे येते. वीण त्यानंतर, तीन ते पाच वर्षांच्या वयात. त्यामुळे पुढच्या वर्षी ही पिल्ले दिसली नाहीत तर त्याचा काहीच अर्थ लावू नये. त्याच्या पुढच्या वर्षी, मे ते जुलैदरम्यान, निळ्या कड्यांवरची अक्षरे पाहावीत. नर पिल्ले जन्मस्थळाच्या जवळ परततात. माद्या दूरच्या घरट्यांवर जोडीदार शोधतात, त्यामुळे मादी पिल्लाची बातमी अनेकदा दुसऱ्याच खोऱ्यातून येते.

तोवर आपण एक उपयोगाचे काम करू शकता. प्रत्येक पिल्लाचा कड्यावरचा क्रमांक, ते शेवटचे दिसले ती तारीख आणि वेळ, त्या दिवशी घेतलेला मासा, आणि वाऱ्याची दिशा, एवढे टिपून ठेवावे. नराचीही अशीच नोंद करावी. घरट्यावर कोणी दिसेनासे झाल्यावरही आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाहत राहावे, कारण गेले असे वाटलेले पिल्लू दोन दिवसांनी माशासाठी परत आल्याची उदाहरणे आहेत. ही टिपणे घरट्याच्या व्यवस्थापकांकडे द्यावीत. पक्षी नसताना, हिवाळ्यात, घरट्याच्या काड्या नीट करणे, कुजलेल्या फांदीला आधार देणे आणि कॅमेरा दुरुस्त करणे ही कामे केली जातात, आणि ती मार्चच्या मध्यापूर्वी संपवावी लागतात. कोणते पिल्लू केव्हा गेले आणि नर कोणत्या फांदीवर बसत होता, हे तेव्हा त्यांना आपल्या वहीतूनच कळेल.